कोल्हापुरी चपलांचे संकेतस्थळ नव्याने लिहिताना

नोव्हेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात माझ्या मामांच्या कोल्हापुरी चपलांच्या संकेतस्थळावरचा सगळा मराठी मजकूर मी नव्याने लिहिला. मामांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चपला बनत आल्या आहेत. मी मात्र भाषांतराचे काम करते, आणि शोधयंत्रातून येणाऱ्या वाचकांसाठी लिहिणे हा माझा प्रांत नव्हता. काम हाती घेतले तेव्हा मराठीतून फारशी माहिती मिळाली नाही. जी मिळाली ती इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून दिलेली होती. मराठीत शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लागला की त्याचे रूपच पालटते, याचा तिथे कुणी विचार केलेला नव्हता. म्हणून जे घडले ते घडले त्या क्रमाने, खर्चासह आणि कागदपत्रांसह येथे लिहून ठेवत आहे. लहान व्यवसायाचे पान मराठीतून लिहायला बसलेल्यांना त्यातून थोडी वाट दिसावी, एवढाच हेतू आहे.

संकेतस्थळ आधीपासून होते. एका एजन्सीने ते बनवून दिले होते आणि मजकूरही तिनेच लिहिला होता. पहिल्या पानावरचे पहिलेच वाक्य असे होते: ‘कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन खरेदीसाठी आमच्या कोल्हापुरी चप्पल दुकानात ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल स्वस्त कोल्हापुरी चप्पल किमतीत मिळेल.’ पुढची सगळी वाक्ये याच घडणीची होती. पानाच्या तळाशी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत शब्दांची लांबलचक यादी होती, जी माणसाला दिसत नव्हती पण यंत्राने वाचावी अशी अपेक्षा होती. शिवाय पुणे, नाशिक, नागपूर, औरंगाबाद अशा शहरांच्या नावांची वेगवेगळी पाने होती. त्यांतला मजकूर अक्षरशः एकच होता, फक्त शहराचे नाव बदललेले होते. मी हे सगळे मामांना वाचून दाखवले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “पोरी, गिऱ्हाईक चप्पल घ्यायला येतंय, पाढं ऐकायला न्हाई.” पुढचे नऊ-दहा महिने लिहिताना मी हे वाक्य कायम समोर ठेवले.

हा मजकूर वाचायला वाईट होता एवढेच नव्हे, तर शोधयंत्राच्या दृष्टीनेही तो निरुपयोगी होता, हे गूगलची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे वाचल्यावर कळले. कीवर्ड (म्हणजे लोक शोधताना टंकतात ते शब्द) ठासून भरणे, लपवलेला मजकूर आणि केवळ शहराचे नाव बदलून केलेली पाने या तिन्ही गोष्टींचा त्यात गैरप्रकार म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. पानाच्या मागच्या बाजूला ‘मेटा कीवर्ड’ म्हणून जी यादी भरली जाते, ती क्रमवारी ठरवताना आपण वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते. आमच्या प्रत्येक पानावर ती यादी भरलेली होती, आणि एजन्सीच्या देयकात तिच्यासाठी स्वतंत्र रक्कम लावलेली होती. अशा सेवेसाठी कुणी पैसे मागत असेल, तर पैसे देण्याआधी हे लक्षात असू द्यावे.

लिहायला बसण्याआधी एक वेगळेच काम निघाले. लोक कोणते शब्द शोधून आपल्यापर्यंत येतात ते पाहण्यासाठी गूगलची ‘सर्च कन्सोल’ ही मोफत सेवा आहे, पण संकेतस्थळ आपलेच आहे हे तिथे आधी सिद्ध करावे लागते. त्याचा सर्वांत पक्का मार्ग म्हणजे डोमेनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या इंटरनेटवरच्या नावाच्या, नोंदींमध्ये एक सांकेतिक ओळ घालणे. त्यासाठी डोमेनच्या खात्यात प्रवेश हवा, आणि मामांचे डोमेन एजन्सीच्या नावावर, एजन्सीच्याच ईमेलवर नोंदलेले निघाले. दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे मामा भरत होते, पण कागदावर मालक दुसराच होता. डिसेंबरचा बराचसा भाग ईमेल पाठवण्यात, जुन्या पावत्या शोधण्यात आणि उत्तराची वाट पाहण्यात गेला. मामींनी सगळ्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या प्रती जोडल्यावरच प्रकरण पुढे सरकले.

इथे क्रमाचे एक पथ्य पाळावे लागते, ते सविस्तर सांगते. डॉट कॉम प्रकारच्या डोमेनमध्ये नोंदणीदाराचे नाव आधी बदलले, तर त्यानंतर साधारणपणे साठ दिवस ते डोमेन दुसऱ्या नोंदणी कंपनीकडे नेता येत नाही. म्हणून आम्ही आधी हस्तांतराचा सांकेतिक क्रमांक मागून घेतला, मामांच्या नावाने नव्या कंपनीत खाते उघडून डोमेन तिथे आणले, आणि मग नोंदणीदार म्हणून मामांचे नाव लावले. हस्तांतराच्या वेळी एका वर्षाचे नूतनीकरण त्यातच धरले जाते, त्यामुळे भरलेले पैसे वाया जात नाहीत. हा खर्च हजार ते दीड हजार रुपयांच्या आसपास आला. दरम्यान मी थांबून राहिले नाही. संकेतस्थळाच्या संपादन खात्याचा पासवर्ड मामांकडे होता, त्यामुळे पहिल्या पानाच्या शीर्षभागात गूगलने दिलेली छोटी खूण घालून सर्च कन्सोलची पडताळणी करून घेता आली. डोमेन मिळेपर्यंत तेवढ्यावर काम चालते.

जानेवारी २०२५ मध्ये आकडे दिसू लागले. आपले पान शोधनिकालांत किती वेळा दिसले, त्यावर किती वेळा टिचकी मारली गेली आणि पान सरासरी कितव्या स्थानावर होते, हे तिथे प्रत्येक शोधशब्दापुढे कळते. आमच्या यादीतले बहुतेक शोध रोमन लिपीत टंकलेले होते. देवनागरीतल्या शोधांत ‘कोल्हापुरी’ आणि ‘कोल्हापूरी’ ही दोन्ही रूपे होती. गावाचे नाव लिहिताना ‘पू’ दीर्घ, पण त्यापासून झालेल्या विशेषणात ‘पु’ ऱ्हस्व, हा नियम शोधणाऱ्याच्या लक्षात असतोच असे नाही. जुन्या मजकुरात दोन्ही रूपे मुद्दाम कालवलेली होती. मी दोन्ही रूपांनी अनेकदा शोध घेऊन पाहिला, तेव्हा येणारे निकाल जवळजवळ सारखेच होते. त्यामुळे शुद्ध रूपच सगळीकडे ठेवायचे, असे ठरवले. चुकीची रूपे पानात पेरण्याची गरज नाही, आणि ती पेरली तर आपला माल नीटनेटका आहे यावर वाचकाने का विश्वास ठेवावा, हाही प्रश्न उरतोच.

शोधशब्दांचा अंदाज घेण्यासाठी ‘कीवर्ड प्लॅनर’ नावाचे साधनही वापरले. त्यासाठी गूगलच्या जाहिरात सेवेत खाते लागते. खाते उघडताना ते जाहिरात सुरू करण्याचा आग्रह धरते, पण जाहिरात न देताही साधनापर्यंत पोहोचता येते. मात्र जाहिरातीवर पैसे खर्च करत नसाल, तर नेमके आकडे न दिसता ‘१०० ते १ हजार’ असे ढोबळ पट्टे दिसतात. मराठीतल्या बारीक, नेमक्या प्रश्नांसाठी तर तिथे बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. ‘गूगल ट्रेंड्स’मध्येही संख्या नसते, शून्य ते शंभर अशा मापावर एखाद्या शब्दाचा जोर केव्हा वाढला आणि केव्हा ओसरला, एवढेच कळते. या रिकाम्या रकान्यांकडे पाहून मला काही दिवस फार निराश वाटले. मराठीत कुणी काही विचारतच नाही की काय, अशी शंका येऊ लागली.

ती शंका मामींच्या वहीने दूर केली. दुकानाच्या फोनवर आणि व्हॉट्सॲपवर आलेली प्रत्येक मागणी मामी एका वहीत टिपतात, आणि मागणीच्या शेजारी गिऱ्हाइकाने काय विचारले तेही लिहून ठेवतात. ‘पावसात चालते का’, ‘पायाला लागते, काय करू’, ‘आठ नंबर म्हणजे किती’, ‘कातडंच आहे ना, रेक्झिन नाही ना’, ‘नवरदेवासाठी पाहिजे’, ‘आवाज येणारी आहे का’, ‘भिजली, आता वास येतो’. ही वही मी दोन संध्याकाळी बसून उतरवून काढली, आणि सर्च कन्सोलमधले शोध, तसेच शोधपेटीत अक्षरे टंकताना खाली उमटणाऱ्या सूचना तिच्याशी ताडून पाहिल्या. तेव्हा बराचसा मेळ बसला. लोक यंत्राला जे विचारत होते तेच मामींना फोनवर विचारत होते, फक्त फोनवर पूर्ण वाक्यात. कीवर्ड म्हणजे कुणाचा तरी अर्धवट टंकलेला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर जिथे खरोखर दिलेले असते तिथे तो शब्द आपोआप येतो, हे मला त्या वहीमुळे पटले. ज्यांच्याकडे अशी वही नाही त्यांनी व्हॉट्सॲपवरचे जुने संदेश चाळावेत. कोणत्याही विकतच्या साधनापेक्षा ते अधिक उपयोगी पडतात.

एक अडचण मात्र राहिली. कारागिरांचे शब्द वेगळे आणि गिऱ्हाइकांचे वेगळे. मामा चपलेला ‘पायताण’ म्हणतात आणि प्रकार सांगताना कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनाळी, पुकारी अशी नावे घेतात. गिऱ्हाईक ‘वेणीवाली’, ‘गोंड्याची’, ‘लग्नात घालायची’ असे म्हणते. मामांचे शब्द गाळून टाकणे मला मान्य नव्हते, कारण ती नावे त्या त्या घडणीची ओळख आहेत आणि पुढच्या पिढीपर्यंत ती पोचली पाहिजेत. म्हणून मथळ्यात गिऱ्हाइकाचा शब्द ठेवायचा, आणि पहिल्या परिच्छेदात कारागिराचे नाव घेऊन त्याची घडण समजावून सांगायची, असा मार्ग काढला. ‘ओरिजिनल’ या शब्दाचेही तसेच. मामांच्या तोंडी ‘खरी’ किंवा ‘अस्सल’ असते, पण शोधणारा ‘ओरिजिनल’च टंकतो. ‘ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल कशी ओळखावी?’ हा मथळा ठेवला, आणि खालच्या मजकुरात अस्सल, खरी, हाताने बनवलेली हे शब्द जिथे जसे आले तसे येऊ दिले.

प्रत्यक्ष लेखन फेब्रुवारीत सुरू केले. मामांचे जुने माहितीपत्रक होते, पण ते युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व संगणकांवर देवनागरी सारखीच उमटण्याची सोय येण्याआधीच्या) काळातल्या फॉन्टमध्ये टंकलेले असल्याने संकेतस्थळावर चिकटवले की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसे. एजन्सीने त्यावर उपाय म्हणून माहितीपत्रकाचे छायाचित्रच पानावर लावले होते. छायाचित्रातल्या अक्षरांवर शोधासाठी भिस्त ठेवता येत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरलाही ती वाचता येत नाहीत. रूपांतराची मोफत साधने वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणला, पण जोडाक्षरे आणि रफार बऱ्याच ठिकाणी मोडले होते, ते एकेक करून हाताने दुरुस्त करावे लागले. जुन्या छापील मजकुरावरून काम करणाऱ्यांनी यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा.

एका पानाने एकाच प्रकारच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, असे ठरवून पुरुषांच्या चपला, महिलांच्या चपला, माप कसे घ्यावे, निगा कशी राखावी आणि खरी चप्पल कशी ओळखावी अशी पाने आखली. शहरांची पाने काढून टाकली आणि त्यांचे पत्ते ‘घरपोच पाठवणी’ या एका पानाकडे कायमचे वळवले. त्या पानावर टपालाने माल जायला किती दिवस लागतात, खर्च किती येतो आणि माप चुकले तर बदलून कसे मिळते, हे लिहिले. शहरांची नावे तिथेही आली, पण फक्त पाठवणीला लागणाऱ्या वेळेच्या संदर्भात.

लिहिण्याची पद्धत अशी होती की वहीतला प्रश्न मी मामांना विचारायचा, ते सांगतील ते टिपून घ्यायचे, आणि नंतर त्याला लेखी भाषेचे रूप द्यायचे. ‘नवी कोल्हापुरी पायाला लागते तेव्हा’ या मथळ्याखालचा परिच्छेद असा झाला: ‘झाडाच्या सालीने कमावलेले कातडे सुरुवातीला ताठ असते, त्यामुळे पहिले काही दिवस अंगठ्यापाशी आणि पट्ट्याखाली चपलेचा काच जाणवतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूवर खोबरेल तेलाचे बोट फिरवावे आणि रोज थोडा वेळ घरातच घालून चालावे. बाहेर लांब जाण्यासाठी ती लगेच वापरू नये. कातडे हळूहळू पायाचा आकार घेते.’ या संपूर्ण परिच्छेदात ‘कोल्हापुरी चप्पल’ ही जोडी एकदाही आलेली नाही. मथळ्यात ‘कोल्हापुरी’ आहे, मजकुरात ‘चपलेचा’ आहे, आणि वाचणाऱ्याला कशाबद्दल चालले आहे हे कळायला तेवढे पुरेसे आहे.

पण संकेतस्थळाला जोडलेल्या लेखन-तपासणीच्या साधनाला ते पुरले नाही. ठरवलेला शब्द मजकुरात किती वेळा आला ते मोजून हे साधन लाल, नारिंगी किंवा हिरवा दिवा दाखवते. ‘कोल्हापुरी चप्पल’ ही अक्षरे जशीच्या तशी आली तरच ते मोजते. ‘कोल्हापुरी चपलेचा’, ‘कोल्हापुरी चपला’, ‘कोल्हापुरी चपलांना’ ही सगळी रूपे त्याच्या लेखी वेगळे शब्द आहेत. त्यामुळे माझी सगळी पाने लाल किंवा नारिंगी दिसत राहिली. मामांचा मुलगा रोज तो दिवा पाहून काळजीत पडायचा आणि म्हणायचा, “ताई, दोन-चार ठिकाणी तरी घाल की गं, नुसता आकडा तरी भरंल.” मी घातले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गूगलने ‘बर्ट’ ही भाषेचा संदर्भ समजून घेणारी पद्धत सत्तरहून अधिक भाषांमध्ये लागू केली आणि त्या भाषांत मराठी आहे, हे मी वाचले होते. शोधयंत्र केवळ अक्षरे जुळवत बसत नाही, एवढा आधार मला पुरेसा होता. मराठीत प्रत्यय लागून शब्दाची रूपे बदलतात, म्हणूनच एखादा शब्द अनेकदा येऊनही कानाला बोचत नाही. ती मोकळीक दिव्याच्या रंगासाठी सोडून देणे मला योग्य वाटले नाही.

लिहिलेले प्रत्येक पान मी मामींना मोठ्याने वाचून दाखवत असे. जिथे त्या “हे परत कशाला?” असे विचारत, तिथे वाक्य काढून टाकायचे, हा आमचा नियम होता. छायाचित्रांसोबत लिहायच्या वर्णनांसाठीही हीच कसोटी लावली. जुन्या वर्णनांत प्रत्येक चित्राखाली ‘कोल्हापुरी चप्पल ओरिजिनल स्वस्त’ असे होते. त्याऐवजी ‘वेणीचा पट्टा आणि एक गोंडा असलेली पुरुषांची तपकिरी कोल्हापुरी’ असे, चित्र न दिसणाऱ्या माणसाला सांगावे तसे लिहिले. पानांचे पत्ते मात्र देवनागरीत न ठेवता रोमन लिपीत आणि छोटे ठेवले. देवनागरी पत्ता चालतो, पण त्याची प्रत काढून व्हॉट्सॲपवर चिकटवला की अनेकदा टक्केचिन्हांची आणि अक्षर-अंकांची मोठी माळ तयार होते, आणि समोरच्याला तो दुवा संशयास्पद वाटतो.

एका शब्दाबाबत मात्र आम्ही मुद्दाम हात आखडता घेतला. ‘जीआय मानांकित कोल्हापुरी चप्पल’ असा शोध घेणारे लोक यादीत दिसत होते आणि तो शब्द घालण्याचा मोह होण्यासारखाच होता. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, ठरावीक प्रदेशातल्या मालाला मिळणारी कायदेशीर ओळख. कोल्हापुरी चपलेला ते आहे, आणि ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे तशाच कामाचे महामंडळ यांच्या नावे त्याची नोंदणी आहे. पण एखाद्या कारागिराला स्वतःच्या मालावर ते मानांकन वापरायचे असेल, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. त्यासाठी चेन्नईच्या भौगोलिक संकेत नोंदणी कार्यालयाकडे जीआय-३ या नमुन्यात अर्ज करायचा असतो. पूर्वी त्याचे शुल्क ५०० रुपये होते, ते २०२० च्या नियमबदलानंतर १० रुपये झाले. मामा पिढीजात कारागीर असूनही ही नोंदणी त्यांनी केलेली नव्हती, कारण तसे काही असते हेच त्यांना कुणी सांगितले नव्हते. मार्चमध्ये कागदपत्रे गोळा करून अर्ज पाठवला. शुल्क दहा रुपये असले तरी प्रतिज्ञापत्र, छायाप्रती आणि टपाल यांचा खर्च त्याहून कितीतरी अधिक होतो, हे धरून चालावे. नोंदणी हातात पडेपर्यंत मामांच्या मालाच्या वर्णनात तो शब्द घालायचा नाही, असे ठरले. मानांकन म्हणजे काय आणि कोणते जिल्हे त्यात येतात, ही माहिती ‘कशी ओळखावी’ या पानावर दिली, कारण ती सर्वांच्या उपयोगाची आहे.

एप्रिलच्या सुरुवातीला नवी पाने प्रसिद्ध केली, पानांची यादी म्हणजे साइटमॅप सर्च कन्सोलला दिला, आणि महत्त्वाच्या पानांची गूगलने आपल्या सूचीत नोंद घ्यावी अशी एकेका पानासाठी विनंती केली. त्यानंतरचा काळ सर्वांत कठीण गेला. काही पानांपुढे बरेच आठवडे ‘पाहिले, पण सध्या नोंद घेतलेली नाही’ अशा अर्थाचा शेरा होता. जुनी पाने गेली होती, नवी अजून आलेली नव्हती, आणि दिसण्याचा आकडा आधीपेक्षाही खाली गेला. मामा काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मुलाने एकदा जुना मजकूर परत लावायचा का, असे विचारले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. या काळात विनंतीचे बटण पुन्हा पुन्हा दाबून काही साधत नाही. त्याऐवजी नव्या पानांचे दुवे आपल्याच इतर पानांवर जिथे संदर्भ आहे तिथे द्यावेत. मापाच्या पानावरून निगा राखण्याच्या पानाकडे, तिथून ओळखण्याच्या पानाकडे असे दुवे मी वाक्यांतच गुंफले. पक्के आकडेही दोन-तीन दिवस मागे असतात, त्यामुळे रोज पाहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पाहणे मनाला सोसवते. मेच्या अखेरीस बहुतेक पानांची नोंद झाली होती.

आणि मग जून २०२५ आला. मिलानमधल्या पुरुषांच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला सादर केल्या. मूळ कुठले ते सांगितले नाही म्हणून मोठा वाद झाला, आणि महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या पत्राला उत्तर देताना कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. त्या दिवसांत ट्रेंड्सवर कोल्हापुरीची रेषा अशी उसळली की आम्ही सगळे मोबाइलभोवती जमलो. ओळखीच्या अनेकांनी सुचवले की प्रत्येक पानावर प्राडाचे नाव घाला, लोंढाच्या लोंढा येईल. त्यावर घरात बराच खल झाला. ते नाव दुसऱ्याचे व्यापारचिन्ह आहे, आणि मामांच्या मालाशी त्याचा काहीही संबंध नाही. त्या नावाने आलेल्या वाचकाला आमच्या पानावर त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नसते. पण त्याच वेळी ‘कोल्हापुरी चप्पल कुठे बनते’, ‘कशी बनवतात’ असे प्रश्नही भराभर वाढताना दिसले, आणि त्यांचे उत्तर मामांइतके चांगले कोण देणार होते? म्हणून त्या आठवड्यात आम्ही एक नवे पान लिहिले. कातडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कसे कमावतात, तळाचे थर कातड्याच्याच वादीने कसे शिवतात, आणि एक जोड पूर्ण व्हायला किती हातांचे काम लागते, हे मामांनी सांगितले आणि मी लिहिले. मामांच्या हातांची छायाचित्रे त्यांच्या मुलाने काढली. ते पान लिहिताना कीवर्डचा विचार एकदाही करावा लागला नाही, आणि आज संकेतस्थळावर सर्वाधिक वेळ थांबून वाचले जाणारे पान तेच आहे.

जुलैपासून पावसाचे प्रश्न सुरू झाले. ‘भिजलेली कोल्हापुरी चप्पल कशी वाळवावी’ असे शोधणाऱ्यांना निगा राखण्याचे आमचे पान दिसू लागले: सावलीत, वाऱ्यावर वाळवावी, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, पूर्ण सुकल्यावरच हलके तेल लावावे. ते वाचून फोन करणाऱ्यांतले सगळेच विकत घेणारे नसतात. काही जण दुसरीकडून घेतलेली चप्पल कशी वाचवायची तेवढे विचारतात, आणि मामा तितक्याच आस्थेने सांगतात. विक्रीत फार मोठी उडी झालेली नाही. फरक पडला तो फोनच्या स्वरूपात. पूर्वी ‘आठ नंबर आहे का’ एवढेच विचारले जाई. आता बरेच जण मापाच्या पानावर सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी कागदावर पाऊल ठेवून, रेघ मारून, टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये सांगतात. त्यामुळे माप चुकून परत येणारे जोड कमी झाले, आणि लहान व्यवसायात परतीच्या टपालाचा वाचलेला खर्च हा नफाच असतो.

खर्चाचा हिशेब सांगायचा तर डोमेनचे हस्तांतर, संकेतस्थळाच्या जागेचे वार्षिक भाडे आणि नोंदणी अर्जासोबतची कागदपत्रे यांपलीकडे पैसे गेले नाहीत. शोधशब्द पाहण्याची सगळी साधने मोफत होती. वेळ मात्र बराच गेला, आणि तो मुख्यतः लिहिण्यात नव्हे, तर ऐकण्यात आणि वाट पाहण्यात गेला. अधिकृत वापरकर्त्याची नोंदणी हे लिहीपर्यंत हातात आलेली नाही. ती आली की पुरुषांच्या आणि महिलांच्या पानांवरच्या वर्णनात एकेक वाक्य वाढेल. आता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी सर्च कन्सोलमधली शोधशब्दांची यादी उतरवून घेते आणि मामींच्या वहीशेजारी ठेवते. यादी उतरवून घेणे आवश्यक आहे, कारण तिथे सोळा महिन्यांपेक्षा जुनी माहिती राहत नाही. यंदाच्या पावसाळ्यातले प्रश्न पुढच्या वर्षीच्या प्रश्नांशी ताडून पाहायला सोळा महिने पुरतात, पण त्यापुढच्या पावसाळ्याशी तुलना करायची असेल तर आपली प्रत आपल्याजवळच असावी लागते.